‘श्वास’ : उपचारकाळातील आनंदाचे स्वरूप आणि त्याची नैतिक बाजू

प्रस्तावना

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. २००३ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट कथापटाचे सुवर्णकमळ मिळाले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाल्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा सन्मान मराठी चित्रपटाच्या वाट्याला आला. २००४ मध्ये ऑस्कर पुरस्कारांसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही ‘श्वास’ची निवड झाली. मराठी चित्रपटाच्या पुनरुज्जीवनाची चर्चा करताना या चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो.

मात्र ही चर्चा बहुधा दोन मुद्द्यांभोवती फिरत राहिली. पहिला मुद्दा चित्रपटाच्या यशाचा आणि दुसरा त्यातील करुण रसाचा. कर्करोगामुळे दृष्टी गमावणारे मूल आणि त्याचे हतबल आजोबा, असे या चित्रपटाचे सरधोपट वर्णन केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. चित्रपटाची रचना बारकाईने पाहिली तर तिच्या केंद्रस्थानी शस्त्रक्रिया नसून शस्त्रक्रियेपूर्वीचा एक आनंदाचा दिवस आहे, असे दिसून येते. गंभीर आजाराच्या ऐन उपचारकाळात कुटुंबाने आनंद शोधावा का, तो वास्तवापासूनचा पळ ठरतो की उपचाराचाच भाग ठरतो, हा प्रश्न चित्रपट उभा करतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने ‘श्वास’चा विचार केला आहे.

कथानक आणि वैद्यकीय वास्तव

कोकणातील एका खेड्यातला लहानगा परशुराम, म्हणजेच परश्या, याच्या डोळ्यांना त्रास होऊ लागतो. आजोबा त्याला घेऊन पुण्याच्या रुग्णालयात येतात. सोबत मामा असतो. तपासण्यांनंतर डॉ. मिलिंद साने जे निदान करतात ते कुटुंबाला हादरवून टाकते. मुलाच्या डोळ्यांच्या पडद्याला कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही आणि शस्त्रक्रिया झाली की दृष्टी कायमची जाणार आहे. आजोबांची भूमिका अरुण नलावडे यांनी, परश्याची अश्विन चितळे याने, डॉ. साने यांची संदीप कुलकर्णी यांनी आणि रुग्णालयातील समाजसेविका आसावरीची भूमिका अमृता सुभाष यांनी केली आहे.

येथे आजाराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण चित्रपटाचा सारा नैतिक पेच त्यावर उभा आहे. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असून तो प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांत आढळतो. साधारणतः पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. बाहुलीत पांढरट चमक दिसणे हे त्याचे ठळक लक्षण आहे. वेळेत निदान झाल्यास हा आजार बरा होऊ शकतो. संपन्न देशांत पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक मुले यातून वाचतात. केमोथेरपी, लेसर, अतिशीत उपचार यांच्या साहाय्याने आज अनेकदा डोळाही वाचवता येतो. निदानास उशीर झाला तर मात्र डोळा काढून टाकावा लागतो, आणि त्यालाही उशीर झाला तर मूल दगावते. म्हणजेच ‘डोळे की जीव’ हा परश्यापुढचा पेच आजारामुळे जितका निर्माण होतो तितकाच तो अंतरामुळे, अज्ञानामुळे आणि उशिरामुळेही निर्माण होतो. खेड्यातून शहरातल्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास हा या कथेतील केवळ प्रास्ताविक भाग नाही. तो आजाराच्या कारणमीमांसेचाच एक भाग आहे.

या वैद्यकीय वास्तवातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. कर्करोग आणि आनंद यांचा एकत्र विचार करताना भारतीय प्रेक्षकाला हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (१९७१) हा हिंदी चित्रपट आठवणे स्वाभाविक आहे. तेथील नायक प्रौढ आहे, आपला मृत्यू अटळ असल्याचे त्याला ठाऊक आहे आणि उरलेले दिवस हसतखेळत जगण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे. त्याचा आनंद मृत्यूच्या अलीकडचा आहे. ‘श्वास’मधील मूल मरणार नाही. ते जगणार आहे, फार तर साठ-सत्तर वर्षे जगणार आहे, आणि तीही अंधारात. त्यामुळे त्याला द्यावयाचा आनंद हा निरोपाचा आनंद असू शकत नाही. तो पुढच्या दीर्घ आयुष्याची शिदोरी असावा लागतो. ‘श्वास’ हा मृत्यूचा चित्रपट नसून जगण्याचा चित्रपट आहे, हे त्याच्या शीर्षकातूनही सूचित होते.

सत्यकथनानंतरचा आनंद

गंभीर आजारी माणसाला सत्य सांगावे की नाही, हा प्रश्न समाजशास्त्राने साठच्या दशकापासून गांभीर्याने हाताळला आहे. बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी अभ्यासकांनी १९६५ मध्ये रुग्ण आणि त्याच्या भोवतालची माणसे यांच्यातील जाणिवेच्या अवस्थांचे वर्गीकरण मांडले. काही ठिकाणी रुग्णाला काहीच ठाऊक नसते, काही ठिकाणी त्याला संशय असतो, काही ठिकाणी सर्वांना सर्व ठाऊक असूनही प्रत्येक जण ठाऊक नसल्याचे सोंग वठवतो, आणि काही ठिकाणी मोकळेपणा असतो. मायरा ब्लूबॉण्ड-लँग्नर यांनी ल्युकेमियाने आजारी असलेल्या लहान मुलांचा जवळून अभ्यास करून १९७८ मध्ये असे दाखवून दिले, की मोठ्यांनी कितीही लपवले तरी मुलांना आपल्या आजाराची जाण आलेली असते. पुष्कळदा मुलेच आईवडिलांना जपण्यासाठी काही ठाऊक नसल्याचे दाखवतात.

या निरीक्षणांच्या प्रकाशात ‘श्वास’मधील प्रसंगांचा क्रम पाहण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला तिच्या परिणामाची कल्पना दिली गेली पाहिजे, असा रुग्णालयाचा आग्रह असतो. आजोबांच्या तोंडून ते शब्द बाहेर पडत नाहीत. ज्याच्या बोटाला धरून नातवाने जग पाहिले, त्यानेच ‘आता तुला दिसणार नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? अखेरीस डॉ. साने आणि आसावरी हे सत्य परश्यापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करतात. ते उमगल्यानंतर परश्या बिथरतो, त्रागा करतो. येथे दिग्दर्शकाने मुलाला अकाली शहाणपण दिलेले नाही. सात-आठ वर्षांचे मूल जसे वागेल तसेच ते वागते, आणि म्हणूनच या प्रसंगाला खरेपणा येतो.

ठरलेल्या वेळी शस्त्रक्रिया होत नाही, ती पुढे ढकलली जाते. या मधल्या अवकाशात आजोबा कुणालाही न सांगता परश्याला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात. शहर दाखवतात, हिंडवतात, जे जे डोळ्यांना सुखवील ते त्याच्यापुढे ठेवतात. येथे क्रमाचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. आनंदाचा दिवस सत्यकथनाच्या आधी आला असता तर तो फसवणूक ठरला असता. मुलाला गुळाचा खडा दाखवून कडू काढा पाजण्यासारखे ते झाले असते. चित्रपटात तो सत्यकथनानंतर येतो. दोघांनाही आता ठाऊक आहे. आजोबांना ठाऊक आहे की नातवाला ठाऊक आहे. सोंगाची गरज उरलेली नाही. त्यामुळे या दिवसातील प्रत्येक दृश्य पाहणाऱ्याला आणि दाखवणाऱ्यालाही नेमके काय चालले आहे याची जाणीव आहे. सत्य आणि आनंद या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ‘श्वास’ मात्र सत्य ही आनंदाची पूर्वअट आहे असे दाखवतो. हे या चित्रपटाचे सर्वांत मोलाचे प्रतिपादन होय.

पळ आणि परतणे

आजोबा नातवासह नाहीसे झाले आहेत हे समजल्यावर रुग्णालयात धावाधाव होते. ते सापडल्यावर डॉ. साने संतापतात. प्रेक्षकाची सहानुभूती स्वाभाविकपणे आजोबांकडे असल्याने डॉक्टरांचा हा संताप पुष्कळांना कोरडा, यांत्रिक वाटतो. तथापि वैद्यकीय वास्तव लक्षात घेता तो तसा नाही. लहान मुलांच्या कर्करोगात उपचार अर्धवट सोडणे ही विकसनशील देशांतील मृत्यूंमागची एक प्रमुख बाब मानली जाते. रेटिनोब्लास्टोमाच्या बाबतीत तर डोळा काढण्यास पालकांनी नकार देणे, मुलाला घेऊन गावी निघून जाणे आणि काही महिन्यांनी आजार पसरल्यावर परत येणे, हे डॉक्टरांच्या परिचयाचे असते. रिकामी खाट पाहून डॉ. साने यांच्या मनात जी भीती उभी राहते ती अनुभवातून आलेली आहे. आजोबांचे मन त्यांना ठाऊक नाही. त्यांना फक्त वाया जाणारा वेळ दिसतो.

आजोबांचे वेगळेपण कुठे आहे, याचे उत्तर ते परत येतात या एका गोष्टीत सापडते. ज्या रुग्णालयातून बाहेर पडले त्याच रुग्णालयाच्या पायऱ्या ते नातवासह पुन्हा चढतात. बाहेर पडण्यातून त्यांचे प्रेम दिसते, परतण्यातून त्यांची जबाबदारी दिसते. बाहेर घालवलेला दिवस नसता तर परश्या शस्त्रक्रियेला सामोरा गेलाच नसता असे नाही; पण मग तो ओढून नेलेला मुलगा ठरला असता. त्या दिवसाने त्याला आणि आजोबांनाही परत येण्याचे बळ दिले. पळून जाणे आणि आनंद शोधणे यांतील फरक बाहेरून दिसत नाही. जो परत येतो त्याच्याच बाबतीत तो सिद्ध होतो. डॉ. साने यांचा राग निवळतो तो आजोबांच्या अश्रूंमुळे नव्हे, तर हा फरक त्यांच्या ध्यानात आल्यामुळे, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक ठरेल.

कुटुंबसंस्थेचे चित्रण

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे मराठीत म्हटले जाते. या म्हणण्यातील कौतुकाला ‘श्वास’मध्ये कसोटीला लावले आहे. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे असे हे आजोबा रुग्णालयात येताच कुणीच नसल्यासारखे होतात. केसपेपर, रांगा, सह्या, न कळणाऱ्या संज्ञा यांच्या चक्रात त्यांचे वडीलपण गळून पडते. घरात निर्णय घेणारा माणूस येथे परवानगी मागणारा होतो. आनंदाचा दिवस हा त्यांच्या या हरवलेल्या कर्तेपणाचाही पुनर्लाभ आहे. डॉक्टरांनी जे करावयाचे ते डॉक्टर करतील. मुलाला जग दाखवणे हे मात्र घरच्या माणसाचेच काम आहे, ही त्यांची धारणा त्यामागे आहे.

मामाची व्यक्तिरेखा वरवर दुय्यम वाटते. तथापि शहरातील रुग्णालयाशी व्यवहार करणारा, धावपळ करणारा असा एक तरुण नातेवाईक बहुतेक ग्रामीण कुटुंबांच्या आजारपणात असतोच. आसावरीचे पात्र आणखी महत्त्वाचे आहे. ती रक्ताच्या नात्याची नाही. डॉक्टरांची भाषा आजोबांपर्यंत आणि आजोबांची व्यथा डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी ती दुभाषी आहे. वैद्यकीय समाजकार्य या व्यवसायाचे इतके संयत आणि आदरपूर्ण चित्रण मराठी चित्रपटात क्वचितच आढळते.

या कुटुंबचित्रात एक उणीव मात्र ठळकपणे जाणवते. मुलाची आई गावीच राहते आणि कथेच्या कडेलाच राहते. आजारी मुलाच्या उशाशी प्रत्यक्षात जी व्यक्ती बहुधा रात्रंदिवस बसलेली असते तिच्या वाट्याला येथे ना निर्णय येतो, ना आनंदाचा दिवस. आजोबा-नातवाच्या नात्यावर लक्ष एकवटण्यासाठी केलेली ही कलात्मक निवड असू शकते. तरीही तिची किंमत चित्रपटाला मोजावी लागली आहे. निदान काय झाले हे कळल्यानंतर आईने ते कसे पेलले, आपल्या चेहऱ्याचे मुलाचे अखेरचे पाहणे तिच्या नकळतच होऊन गेले याचे तिला काय वाटले असेल, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

दृश्यभाषा

दृष्टी गमावणाऱ्या मुलाची कथा चित्रपट या दृश्य माध्यमातून सांगणे हेच मुळात आव्हानात्मक आहे. संजय मेमाणे यांच्या छायाचित्रणात कोकणातली हिरवाई आणि रुग्णालयाच्या भिंती यांतला विरोध सातत्याने जाणवतो. रुग्णालयात बसलेल्या आजोबांच्या मनात गाव पुन्हा पुन्हा जागे होते. परिणामी प्रेक्षकही हळूहळू परश्याच्या वतीने पाहू लागतो. एरवी सहज नजरेआड झाले असते असे एखादे साधे दृश्य त्याला मोलाचे वाटू लागते. शेवटचे पाहणे म्हणजे काय, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही; तो ते अनुभवतो.

अखेरच्या प्रसंगात शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावलेला परश्या आजोबांबरोबर होडीतून गावी परततो. हा शेवट विशेष अर्थपूर्ण आहे. तोवर आनंद हा डोळ्यांचा विषय होता. आता गाव त्याच्यापर्यंत आवाजांच्या वाटेने येते. पाणी तेच, माणसे तीच. पोहोचण्याची वाट तेवढी बदलली आहे. दृष्टी गेली म्हणजे आनंद संपला, असे चित्रपटाच्या मध्यभागी सूचित झाल्यासारखे वाटते. शेवटचा प्रसंग ते गृहीतक दुरुस्त करतो. ही दुरुस्ती अधिक विस्ताराने यायला हवी होती, असे मात्र वाटल्यावाचून राहत नाही. अंधत्वाचे पुढचे जगणे चित्रपटाच्या कक्षेबाहेरच राहते.

एका दिवसाच्या मर्यादा

‘श्वास’मधील आनंद एका दिवसात सामावलेला आहे. कलाकृतीच्या दृष्टीने ही एकाग्रता परिणामकारक आहे. आजारी मुलाला एक अविस्मरणीय दिवस द्यावा, ही कल्पना जगभर रुजलेली आहे. अमेरिकेत १९८० साली ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या एका मुलाची पोलीस होण्याची इच्छा पोलिसांनी पुरी केली आणि त्यातून आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी मोठी चळवळ उभी राहिली. अशा दिवसाचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

तथापि बालकर्करोगाचे प्रत्यक्ष उपचार एका शस्त्रक्रियेत संपतात असे क्वचितच घडते. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. घर सोडून परक्या शहरात राहणे, रोजगार बुडणे, दुसऱ्या मुलांना नातेवाइकांकडे ठेवणे हे सारे त्यात येते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात, पदपथावर मुक्काम ठोकलेली अशी कुटुंबे वर्षानुवर्षे दिसत आली. अशा कुटुंबांना उपचारकाळात निवारा देण्यासाठी २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था सुरू झाली. या कुटुंबांना मोठ्या दिवसापेक्षा लहान लहान दिवस हवे असतात. स्वतःच्या हाताने रांधलेले जेवण, केस गळालेल्या मुलाने दुसऱ्या तशाच मुलाबरोबर मांडलेला खेळ, तपासणीचा आकडा बरा आल्यावर मागवलेले आइस्क्रीम, यांतूनच त्यांचा आनंद आकाराला येतो. तो कुणाला न सांगता चोरून मिळवावा लागू नये.

येथेच ‘श्वास’ व्यवस्थेवर एक अप्रत्यक्ष आक्षेप नोंदवतो. आजोबांना नातवाच्या सुखासाठी रुग्णालयातून गुपचूप बाहेर पडावे लागले, कारण रुग्णालयाच्या आत त्या सुखाला जागा नव्हती. त्यांनी परवानगी मागितली असती तर ती कोणत्या अर्जावर, कोणत्या खिडकीत मागावयाची होती? डॉक्टर निष्ठुर नाहीत, नियम अन्यायकारक नाहीत, तरीही मुलाच्या आनंदाची जबाबदारी कोणाच्याच कामात मोडत नाही. बालकर्करोगाच्या अनेक विभागांत आज खेळघरे, शिक्षक, समुपदेशक दिसू लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम जाहीर करून २०३० पर्यंत किमान साठ टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ज्या सहा कर्करोगांवर त्यात विशेष भर आहे त्यांत रेटिनोब्लास्टोमाही आहे. जगणाऱ्या मुलांची संख्या वाढेल तसा, ती उपचारकाळात कशी जगली, हा प्रश्नही अधिक महत्त्वाचा ठरत जाईल.

समारोप

‘श्यामची आई’मध्ये आई मुलाला शब्दांतून आणि आचरणातून आयुष्याची शिदोरी देते. ‘श्वास’मधील आजोबा ती दृश्यांतून देतात. दोन्ही चित्रपटांत अभाव आहे, आजार आहे आणि त्यावर मात करणारे घरचे माणूस आहे. मात्र ‘श्वास’ त्यागापेक्षा आनंदाला नैतिक मूल्य देतो, हे त्याचे वेगळेपण आहे. आजारी मुलाच्या घरात हसू उमटले की आपल्याकडे लोक दबक्या आवाजात बोलतात. हसणाऱ्यांनाही अपराधी वाटते. हा अपराधीपणा निराधार असल्याचे ‘श्वास’ कोणतेही भाष्य न करता दाखवतो. सत्य ठाऊक असताना, उपचारांकडे पाठ न फिरवता आणि परतीची वेळ ध्यानात ठेवून घेतलेला आनंद हा उपचारांना पूरकच असतो, हे त्याचे सांगणे आहे. आईची अनुपस्थिती, अंधत्वाच्या पुढील जगण्याविषयीचे मौन आणि एका दिवसावर दिलेला अतिरिक्त भर या त्याच्या मर्यादा मान्य करूनही, मराठी चित्रपटाने आजारपणाकडे पाहण्याची दृष्टी अधिक प्रौढ केली, असे श्रेय ‘श्वास’ला द्यावे लागते. प्रदर्शनानंतर दोन दशके उलटल्यावरही तो केवळ पुरस्कारांच्या यादीत उरलेला नाही, त्यामागचे हे एक सबळ कारण होय.